कोपितो बाहेर झोपतो

दोन्या ओर्फेलिना कांदिया आयुष्यात एकदाच ब्यूटी पार्लरमध्ये गेल्या, तेही कुत्रं आणायला.

चोस मालाल गावात बसथांब्यामागे मारिसेल त्रोंकोसोचं पार्लर आहे. पुढच्या खोलीत ती बायकांचे केस रंगवते आणि मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या टॉवेलांखाली, रस्त्यावर टाकून दिलेली कुत्री सांभाळते. केस कापायला आलेल्या बाईच्या गळ्यात एखादं पिल्लू बांधल्याशिवाय ती तिला उठू देत नाही, असं गावात म्हणतात. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मानाने दोन्या म्हणतात, पुरुषाला डॉन; दोन्या ओर्फेलिनांना मात्र बांधावं लागलं नाही. त्या स्वतःहून आल्या होत्या, टोपी काढून हातात धरून, आरशासमोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. आरशात त्या एकदाही पाहत नव्हत्या.

त्यांना आमच्या ट्रकमधून बाबांनी आणि मी आणलं होतं. पायथ्याशी आमचं दुकान आहे आणि डोंगरातल्या वस्त्यांना पीठ, साखर, मीठ आम्हीच पोचवतो, त्यामुळे कुणाकडे काय चाललंय हे आम्हाला न विचारता कळतं. दोन्यांकडे काय चाललं होतं ते तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांचा कळपाचा म्हातारा कुत्रा मेला होता. नवरा गेल्यावर इतकी वर्षं शेळ्यांबरोबर तोच राहत होता. कुत्रा गेल्याची खबर प्यूमाला कोण देतं कोण जाणे, पण त्या उन्हाळ्यात तो वरच्या कुरणात दर थोड्या दिवसांनी येत राहिला आणि दोन्या अर्धा कळप घेऊन खाली उतरल्या. त्यांचा मुलगा एलिसेओ अन्येलोला तेलाच्या विहिरींवर कामाला आहे. तो येऊन म्हणाला, "आई, पुन्हा असं झालं तर मी व्यापाऱ्याचा ट्रक बोलावतो. शेळ्या विकून टाकू. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. गॅस आहे, टीव्ही आहे."

"टीव्हीवर शेळ्या दाखवतात का रे?" दोन्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

मारिसेलकडे एक पिल्लू उरलं होतं. कुणाच्या तरी कळपातली पांढरी, थोराड कुत्री हमरस्त्यावर ट्रकखाली गेली. तिची पिल्लं मारिसेलने खोक्यातून आणली आणि बाटलीने दूध पाजून जगवली. बाकीची लोकांनी नेली. हे शेवटचं, सगळ्यांत पांढरं. तिने त्याचं नाव ठेवलं होतं कोपितो, म्हणजे बर्फाची पाकळी.

"तो घरात झोपेल," मारिसेल म्हणाली. तिच्या बोटांना केसांचा तांबडा रंग लागला होता आणि त्याच बोटांनी ती पिल्लाचे कान चोळत होती. "अंगणात नाही. घरात."

"बरं."

"रोज मांडीवर घ्यायचं. त्याला माणसाच्या हाताची सवय आहे."

"बरं."

"नावाने हाक मारायची. नाव बदलायचं नाही."

"बरं."

"आणि मी बघायला येणार आहे, दोन्या. मनाला पटलं नाही तर उचलून परत आणणार."

दोन्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "वर? रस्ता फार वाईट आहे, बाई."

"मी वाईट रस्त्यांवरूनच तर कुत्री उचलते."

"ये मग," दोन्या म्हणाल्या. "नाही पटलं तर ने. शब्द देते."

परतताना त्यांनी खोकं पायांशी ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पिल्लू कुईकुई करायला लागलं म्हणून मी वाकून हात पुढे केला.

"हात मागे!"

मी दचकले.

"तू हात लावलास तर ते तुझं होईल, पोरी. मी लावला तर माझं होईल. माझं होऊन काय करू? ते शेळ्यांचं व्हायला हवं."

बाबा गाडी चालवता चालवता हसले. "मग तिला बरं, बरं कशाला म्हणालात?"

"नाही म्हटलं असतं तर दिलं असतं का तिने?" दोन्या म्हणाल्या आणि मग पूल येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

आमच्याकडे कळपाच्या कुत्र्याला डोळे उघडायच्या आत शेळीच्या कासेला लावतात. पहिला वास शेळीचा, पहिलं दूध शेळीचं, झोप करडांच्या ढिगात. असा कुत्रा माणसाकडे पाहतो ते शेजाऱ्याकडे पाहावं तसं. या पिल्लाचे डोळे उघडून बरेच दिवस झाले होते, त्याला दात आले होते आणि त्याच्या नाकात शाम्पूचा वास भरला होता. शेजारच्या वस्तीवरचे डॉन सिरियाको खोक्यात डोकावून म्हणाले, "हा झाला पार्लरचा कुत्रा. नखं रंगवून घे त्याची, ओर्फेलिना."

ऑक्टोबर होता, शेळ्या व्यात होत्या. दोन्यांच्या ओवेराला, म्हणजे ठिपक्यांच्या शेळीला, मेलेलं करडू झालं. एरवी अशा वेळी आम्ही मेलेल्या करडाचं कातडं सोलून एखाद्या पोरक्या करडाच्या अंगावर बांधतो. आई हुंगते, आपलंच समजते आणि पाजते. दोन्यांनी ते कातडं पिल्लाच्या अंगावर बांधलं. पुढचे पाय कातड्याच्या पायांतून काढले, पोटाखाली सुतळीची गाठ मारली. पिल्लू उभं राहिलं, पडलं, स्वतःची शेपटी शोधायला गोल फिरलं आणि त्याला दोन शेपट्या सापडल्या.

ओवेराने नाक पुढे केलं. शेळी आपलं पोर शेपटीखाली हुंगून ओळखते. तिने हुंगलं, पाय आपटला, पुन्हा हुंगलं. दातांची टोचणी लागली तेव्हा लाथही मारली. दोन्या शेणात बसून तिचा मागचा पाय धरून राहिल्या, कपाळ तिच्या कुशीला टेकवून. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. कातड्याला वास सुटला, मग ते वाळून कडक झालं, आणि एका सकाळी ओवेरा शेळ्या कोंडायच्या वाडग्याच्या दारात उभी राहून हाक मारायला लागली. शेळ्या करडाला मारतात ती खालच्या सुरातली, घशातली हाक. पिल्लू आपल्या कडक कोटात धडपडत तिच्याकडे धावलं. डॉन सिरियाकोंना ते बघून इतकं हसू आलं की हातातल्या पोकळ भोपळ्यातला माते, आमचा पाल्याचा कडू चहा, त्यांच्या विजारीवर सांडला.

"हस," दोन्या म्हणाल्या. "तुझ्या बायकोने तुला जवळ केलं तेव्हा तिलाही नाक दाबावं लागलं असेल."

आमच्या डोंगरात फोन लागत नाही. दुपारी रेडिओवर वस्त्यांसाठी निरोप वाचतात: अमक्याची सून बाळंत झाली, तमक्याचं औषध बसने निघालं. भाकरी बाजूला ठेवून सगळे ऐकतात, कारण दुसऱ्याचा निरोप हा आपल्याकडचा सगळ्यांत चांगला करमणुकीचा कार्यक्रम. नोव्हेंबरात एके दिवशी निवेदक गंभीर आवाजात म्हणाला, "दोन्या ओर्फेलिना कांदिया यांच्यासाठी. कोपितो कसा आहे? घरात झोपतो ना? मांडीवर घेता ना? मारिसेल विचारते."

त्या दिवसापासून दोन्यांना वाट चालणं मुश्कील झालं. "काय दोन्या, कोपितोचं अंथरूण घातलंत का?" "कोपितोला अंगाई म्हणता की रेडिओ लावून देता?" दर आठवड्याला निरोप यायचा. उत्तर देता येत नव्हतं, कारण रेडिओ फक्त बोलतो, ऐकत नाही.

आमच्या दक्षिण गोलार्धात लागतो तसा डिसेंबरात उन्हाळा लागला आणि कळप वरच्या कुरणात गेला. तिथे दोन्यांची दगडाची एक खोली आहे, कातड्याचं छप्पर, एक चूल. जानेवारीत अवचित बर्फाचं वादळ आलं. पिल्लू ढासायला लागलं. अशा वेळी काय करायचं हे दोन्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं होतं: शेळ्यांत सोडा, त्यांची ऊब पुरते, घरात घेतलात की कुत्रा गेला. आणि त्यांनी त्याला घरात घेतलं. चुलीपाशी पोतं टाकलं, भाजलेल्या गव्हाचं पीठ गरम दुधात कालवून भरवलं. खोकला थांबला. बर्फही वितळलं. पिल्लू पोत्यावरच होतं.

"खोलीत दुसरं कुणीतरी श्वास घेत होतं," त्या पुढे माझ्या आईला म्हणाल्या. "बाकी काही नाही गं."

पिल्लाला दार कळलं. उन्हं कलली की ते शेळ्यांना सोडून खोलीकडे यायला लागलं. पहाटे उंबऱ्यावर बसून पिठाची वाट पाहायला लागलं. आणि अशाच एका धुक्याच्या पहाटे, ते उंबऱ्यावर शेपूट हलवत असताना, प्यूमाने कळपाच्या कडेची एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, उचलून नेली. आवाजसुद्धा झाला नाही. खडकांवर फक्त ओढत नेल्याची ओली रेघ होती.

त्याच दुपारी रेडिओ म्हणाला, "घरात झोपतो ना? मारिसेल विचारते."

दोन्यांनी रेडिओ बंद केला. संध्याकाळी पिल्लू आलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. ते आधी नखांनी खरवडत राहिलं, मग रडायला लागलं. दोन्या आतून दाराला पाठ लावून जमिनीवर बसल्या. एक फळी मधे. पलीकडून पिल्लू टेकलं की फळी त्यांच्या पाठीला लागायची. त्यांनी चूल पेटवली नाही, कारण धुराचा वास आला की ते पुन्हा खरवडायचं. बराच वेळ गेला. मग वाडग्यातून ओवेराने हाक मारली, तीच खालच्या सुरातली. कास कधीच सुकून गेली होती, दूध आटलं होतं, तरी मारली. फळीवरचा भार निघाला.

"मला बरं वाटलं," दोन्या आईला म्हणाल्या. "आणि इतकं वाईट वाटलं की मी तशीच बसून राहिले."

त्या शरदात कळप खाली आला तो अर्धा नव्हता, पण पुराही नव्हता. एलिसेओने शेळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "आणखी एक उन्हाळा, आई. शेवटचा."

हिवाळ्यात पिल्लू कुत्रा झाला. खांदे रुंद झाले, आवाज पोटातून यायला लागला. पांढरा रंग धुळीचा आणि लेंड्यांचा झाला. दोन्यांनी त्याला नावाने हाक मारली नाही, कुठल्याच नावाने नाही. "हाक मारली तर येईल," त्या म्हणायच्या. "तो यायला नको. तिथेच असायला हवा."

दुसऱ्या उन्हाळ्यात, फेब्रुवारीत, निरोप थांबले. दोन्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. आम्हाला मात्र ते का थांबले हे ठाऊक होतं, कारण मारिसेल आमच्या ट्रकमध्ये बसली होती, मांडीवर नवीन गादी घेऊन. गादीवर निळ्या दोऱ्याने कोपितो असं भरलं होतं.

ट्रक ओढ्यापर्यंतच जातो. बाबा तिथेच थांबले आणि पुढे मी तिला चालवत नेलं. दोन्या दारात चरबीत भाकऱ्या तळत होत्या, आमच्याकडे तशाच करतात. गादी बघून त्यांच्या हातातली भाकऱ्या उलटायची काडी थांबली.

"कुठे आहे माझं बाळ?" मारिसेल म्हणाली.

दोन्यांनी हनुवटीने दाखवलं. उतारावर शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या. त्यांच्यात एक मळकट, थोराड शेळी होती, तिने डोकं उचललं तेव्हा ती कुत्रा निघाली.

"कोपितो!" मारिसेल धावली. कुत्रा उठला, तिच्या आणि शेळ्यांच्या मधे येऊन उभा राहिला. गुरगुरला नाही, शेपूटही हलवली नाही. तिच्या हातांचा वास घेतला, रंगाचा, शाम्पूचा, क्षणभर कान मागे गेले. मग वळला आणि ओवेराला टेकून बसला.

मारिसेल परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "तो कुठे झोपतो?"

"तिथे."

"बर्फात?"

"शेळ्यांत."

"मांडीवर?"

"एकदाही नाही." दोन्यांनी टोपी काढली. "सगळं खोटं बोलले मी तुझ्याशी. कानात काटे अडकले तर काढते, तेवढाच हात. आणि काही दिवस घरात घेतला होता. ती माझी चूक होती, तुझ्या लेखी नसेल."

"त्याच्या अंगावर माती बसलीय, दोन्या. त्याला कुणाची ओळख उरली नाही. मी त्याला यासाठी वाचवला?"

"शब्द दिला होता," दोन्या म्हणाल्या. त्यांनी खुंटीवरची दोरी काढून मारिसेलच्या हातात दिली. "ने."

मी म्हटलं, "दोन्या, अहो, एलिसेओ ट्रक आणेल."

"ठाऊक आहे मला. तू मधे बोलू नकोस."

मारिसेलने त्याच्या गळ्यात दोरी बांधली आणि ओढ्याकडे निघाली. कुत्रा थोडं चालला. मागे घंटी वाजली. ओवेरा उठली होती. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी, मग सगळा उतारच उठल्यासारखा झाला. शेळ्या रांग धरून दोरीमागे निघाल्या, जणू कुणी कुरण बदलायची हाळी दिली होती.

"ह्यांना थांबवा ना!" मारिसेल ओरडली.

"माझं कधी ऐकतात?" दोन्या म्हणाल्या.

कुत्र्याने मागे पाहिलं आणि तो बसला. मारिसेलने ओढलं तर आडवा झाला. तोवर शेळ्या पोचल्या. त्यांनी तिला मधे घेतलं आणि घेराव घातल्यासारख्या उभ्या राहिल्या. एकीने तिचा रुमाल खाल्ला. दुसरीने गादीचं टोक तोंडात धरलं आणि निळा दोरा उसवायला लागली. मारिसेल रडत होती की हसत होती, सांगता येत नाही. "अगं सोड! सोड मेले! हे त्याचं नाव आहे!"

तेवढ्यात वरून, मोकळ्या झालेल्या उतारावरून, एका करडाचा आवाज आला. खडकांत झोपलेलं एक मागे राहिलं होतं. कुत्रा उठला तो असा की दोरी मारिसेलच्या मुठीतून सळसळत निघून गेली. तिच्या तळहातावर दोरीचा वळ कितीतरी दिवस होता, ती सगळ्यांना दाखवायची. तो दोरी फरफटवत सरळ चढावर गेला. त्याचा तो पोटातला आवाज आम्ही कुणीच आधी इतका मोठा ऐकला नव्हता. खडकांवर तो दोनदा वाजला, एकदा त्याचा आणि एकदा डोंगराचा.

आम्ही वर पोचलो तेव्हा करडू त्याच्या पुढच्या पायांमधे उभं होतं आणि तो कड्याकडे तोंड करून भुंकत होता. दोन्यांना धाप लागली होती, मी पायांखाली बघत चढत होते. मारिसेल मात्र सगळ्यांच्या पुढे होती. दोरी गेल्या क्षणीच ती त्याच्यामागे धावली होती.

"मी पाहिला," ती म्हणाली. "पिवळा. ही एवढी शेपूट. त्या कड्यावरून गेला. दोन्या, तो करडाच्या इतका जवळ होता आणि ह्याला बघून वळला! माझ्या कोपितोला बघून!"

दोन्या खाली बसल्या. खडकाखालच्या ओलसर मातीत पंजाचा ठसा होता, पाणी अजून कडेने आत झिरपत होतं. त्यांनी तो बोटाने दाखवला, मग कुत्र्याजवळ जाऊन त्याच्या गळ्यातली दोरी सोडली. सोडताना त्यांचा हात त्याच्या मानेवर जरा जास्त राहिला.

"काटा होता," त्या म्हणाल्या.

"कुठे? मला नाही दिसला," मारिसेल म्हणाली.

"तुझ्या डोळ्यांत पाणी आहे. कसा दिसेल?"

मग आम्ही थंड झालेल्या भाकऱ्या खाल्ल्या. मातेचा भोपळा हातोहात फिरला. मारिसेलने गादी तिथेच ठेवली. दोन्या त्यावर बसतात आता, म्हणतात गुडघ्यांना बरं पडतं.

पुढच्या आठवड्यात दुपारी निवेदकाने घसा साफ केला. "वरच्या सर्व वस्त्यांसाठी. ज्यांनी माझे आधीचे निरोप ऐकले आणि हसले त्यांच्यासाठी. कोपितो बाहेर झोपतो. त्याच्यासमोरून प्यूमा पळाला, मी डोळ्यांनी पाहिलं. डॉन सिरियाको यांनी आपलं तोंड सांभाळावं. मारिसेल कळवते." निवेदकालाच हसू आलं, त्याने ते दोनदा वाचलं. डॉन सिरियाको आमच्या दुकानात साखर घेत होते. त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि म्हणाले, "त्याचं एखादं पिल्लू पुढेमागे मिळेल का, विचारून बघा."

एप्रिलमध्ये कळप उतरला. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर अशा वेळी गाड्या थांबतात, लोक दारांत येतात. आधी धूळ दिसली, मग घंट्या, मग घोड्यावर दोन्या, पाठ ताठ, गळ्याला लाल रुमाल. गेल्या लग्नसराईनंतर तो रुमाल कुणी पाहिला नव्हता. मागे शेळ्या वाहत होत्या, रस्ताभर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि करडं त्यांच्यात उड्या मारत होती. एलिसेओ बसथांब्याशी उभा होता. तो ओठ हलवत मोजायला लागला, मधेच चुकला, पुन्हा सुरुवात केली, मग सोडून दिलं.

"सगळ्या आहेत," दोन्या घोड्यावरून म्हणाल्या. "वाढल्याच आहेत. तुझा ट्रक कुठाय?"

"कसला ट्रक?" एलिसेओ म्हणाला आणि मागे पडलेलं एक करडू खांद्यावर उचलून कळपाबरोबर चालायला लागला.

मारिसेल पार्लरच्या दारात उभी होती. आतली बाई डोक्याला रंग लावलेल्या अवस्थेत तिच्यामागे. कळपाच्या मधोमध, ओवेराच्या बाजूने, धुळीच्या रंगाचा तो मोठा कुत्रा चालत आला. मारिसेलपासून हातभर अंतरावरून. तिचे हात आपसूक पुढे आले. मग तिने ते मागे घेतले, पाठीशी एकमेकांत घट्ट धरले आणि तो जाईपर्यंत तशीच उभी राहिली.

रस्त्याकडेला बघत उभ्या असलेल्या एका पोराने कुत्र्याकडे हात पुढे केला तेव्हा ती केवढ्याने ओरडली, "हात मागे! कळत नाही का तुला? तो कामावर आहे!"